हेमलतानं टाकलेली मूठ

हेमलतानं डब्यावर दोन्ही हात दाबून धरले होते आणि गेटवरचा भाईदास तो डबा आपल्याकडे ओढत होता.

“सोड ना बाई.”

“नाही सोडत.”

“अगं, आत जाणारी पोळी मोडून बघावी लागते. नियम आहे. मागे एकाच्या मावशीनं पुरणपोळी आणली. मोडली तर आत पुरणाऐवजी गुटखा. मावशी कशी, तर एकदम देवमाणूस. कपाळावर एवढं कुंकू!”

“मी मावशी नाही, बहीण आहे.”

“बहिणी तर अजून पोचलेल्या राहतात.”

मागे लाईनीत उभ्या बाया हसल्या. भेटीचा दिवस होता. सगळ्यांच्या हातात पिशव्या, पिशव्यांत केळी, फरसाण, कोणाच्या हातात नवीन चड्डी-बनियनचा बॉक्स. हायवेच्या कडेचं हे पोरांचं होम. कागदावर त्याला निरीक्षणगृह म्हणतात, पण तसं कोणीच बोलत नाही. अठराच्या आतल्या पोरानं काही केलं, किंवा केलं असं पोलिसांनी म्हटलं, की त्याला इथं आणतात. निकाल लागेपर्यंत, नाहीतर घरचं कोणी सही करून घेऊन जाईपर्यंत.

“भाऊ, तुम्ही कोणत्या साइडचे?” हेमलतानं विचारलं.

“एरंडोलकडचा. का?”

“मग कळत नाही तुम्हाला? कानबाईचा रोट आहे हा.”

भाईदासनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. “आधी नाही का सांगायचं! माझ्या हातून दोष घडवला असता तू.”

खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी घराघरात कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी गहू आणि चण्याची डाळ मोजून घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. म्हातारा असो, पाळण्यातलं पोर असो, सुरतला कामाला गेलेला असो. नाव घेतात आणि मूठ टाकतात. त्या पिठाचा रोट फक्त त्या कुळातल्या माणसांनी खायचा. दुसऱ्या कुळाच्या माणसानं त्याला हातसुद्धा लावायचा नाही. आणि ज्याची मूठ टाकली त्यानं पौर्णिमेच्या आत आपला वाटा संपवायचाच. टाकायचा नाही, वाटायचा नाही, ढोराला घालायचा नाही.

भाईदासनं डोकं खाजवलं. मग आतून तिच्या भावाला, भूषणला, बोलावलं आणि जाळीजवळ उभं केलं. “हे बघ, तूच मोड. माझ्यासमोर मोड. मी लांबून बघतो.” भूषणनं मोडला. आत काही नव्हतं. भाईदास म्हणाला, “झालं. पण एक सांग ताई, तू तर लग्न झालेली. तू पण परकीच की मग. तुला कोणी दिला?”

“नानांनी. मोठ्या काकांनी,” हेमलता म्हणाली.

खोटं होतं ते. पण ते नंतर.

भूषण तेव्हा सोळा पूर्ण झालेला. चार महिन्यांत उंची वाढली होती आणि गाल आत गेले होते. डोकं बारीक कापलेलं. तो रोटाकडे बघतच राहिला.

“ताई, नानानी टाकी का मनी मूठ?”

“टाकी ना. सगळासना म्होरे टाकी.”

“नाव लिन्हं?”

“लिन्हं. भूषण पुना, असं मोठ्यानी.”

तो तिथंच जमिनीवर बसला आणि खायला लागला. रोट तीन-चार दिवसांचा, कडक झालेला. सोबत काही नाही, खीर नाही, गंगाफळाची भाजी नाही. कोरडाच चावत होता. दारातून एक बारकं पोरगं बघत होतं, असेल बारा-तेराचं. ते म्हणालं, “मला दे ना थोडा.” भूषण म्हणाला, “नाही देता येत रे भो. बिस्किट घे पाहिजे तर, अख्खा पुडा घे.” पुडा त्याच्याकडे सरकवला आणि मांडीवर पडलेला चुरा बोटानं टिपून टिपून खाल्ला.

“तू खादा का?” त्यानं विचारलं.

“मी कशी खासू? मी परकी.”

“परकी म्हने!” तो हसला. होममध्ये गेल्यापासून पहिल्यांदा हसला. “माले न्हाऊमाखू घाली, माले शाळामा धाडी, अन् तू परकी!”

मग हसू थांबवून म्हणाला, “नाना अन् काकू नीट वागतस ना तुनासंगे?”

“वागतस. तू तुनं देख.”

आता हेमलता कोण ते सांगतो. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठचं गाव. बाप पुना डंपरखाली गेला तेव्हा हेमलता नववीत होती. तिथंच शाळा सुटली. आई पुढच्या दोन वर्षांत आजारपणात गेली. भूषण तेव्हा चौथीत. हेमलतानंच त्याला वाढवलं. त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, मास्तरांशी त्याच्यासाठी भांडली. एकदा त्याला विंचू चावला तर पाठीवर घेऊन डॉक्टरकडे पळत गेली, आणि चप्पल रस्त्यात राहिली ती राहिलीच. मग सुकलाल नानांनी, म्हणजे तिच्या मोठ्या काकानं, नशिराबादचं स्थळ आणलं. नवरा दारू पीत नव्हता, मारत नव्हता, पण त्याचं दुसरीकडे आधीपासून होतं. दोन वर्षं तिनं काढली. मग एक दिवस पेटी घेऊन परत आली.

परत आलेल्या पोरीला गावात कसं बघतात ते सगळ्यांना माहीत आहे. नानांनी घरात घेतलं, पण काकू, म्हणजे प्रमिलाबाई, उठता बसता ऐकवायच्या. हेमलता भाकरी थापायची, गोठा काढायची, दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची. जेवायला सगळ्यात शेवटी बसायची. तोंडानं फाटकी नव्हती, पण मुकीही नव्हती. काकू म्हणायच्या, “दोन घरनी भाकर खाई ही.” ही म्हणायची, “हां काकू, अन् दोन्ही घरनी मीच थापी.”

नानांना एकच पोरगा, जगदीश. जगू. एकोणीस पूर्ण, भरतीच्या मागे लागलेला. पोलीस नाहीतर मिल्ट्री. पहाटे नदीच्या रस्त्यानं पळायचा आणि भूषण मोबाईल हातात घेऊन त्याचा टाइम घ्यायचा. भूषणलाही दोन वर्षांनी भरतीच द्यायची होती. जगूचे जुने बूट तो पायात कापूस घालून वापरायचा. जगूभाऊ म्हणजे त्याच्यासाठी देव होता.

ते झालं उन्हाळी कांदा निघत होता तेव्हा. जळगावच्या रस्त्यावर एका रिटायर मास्तरीणबाईच्या गळ्यातली पोत मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढली. बाई पडली, खुब्याचं हाड मोडलं. कॅमेऱ्यात दोघंही तोंडाला रुमाल बांधलेले दिसत होते, पण गाडीचा नंबर आला. गाडी नानांच्या नावावर. संध्याकाळी पोलीस दारात. हेमलता दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कांदा कापत होती. ती आली तेव्हा अंगणात माणसंच माणसं आणि भूषण मध्ये उभा. साहेब विचारत होता, गाडी कोणी नेली होती? भूषण म्हणाला, “मी.” दुसरा कोण होता? “भडगावचा होता एक. नाव माहीत नाही.”

हेमलतानं त्याच्या थोबाडीत मारली, सगळ्यांसमोर. तो मान खाली घालून उभा राहिला.

तो गाडीत बसल्यावर नाना ओट्यावर टेकले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, “लहान शे. अठराना आतलाले कायदा काही करत नही. दोन महिना ठेवतीन, खावाले देतीन, टीव्ही दखाडतीन, मंग सोडी देतीन. मी सोता जाई लई येसू त्याले.” पारावर बसणाऱ्या बऱ्याच लोकांना कायदा एवढाच माहीत असतो. लोकांनी माना हलवल्या. जगू घरात होता, बाहेर आला नाही.

आणि एका अर्थानं नानांचं बरोबरही होतं. होमच्या मॅडमनी हेमलताला पहिल्याच भेटीत सांगितलं, की पोरांचा कायदा शिक्षेचा नाही, सुधारायचा आहे. त्याचं नाव पेपरात छापायला बंदी आहे. पुढे नोकरीला आड येत नाही. घरचं जबाबदार माणूस येऊन सही करेल तर आत्तासुद्धा सोडू, केस चालू राहील. “तुमचे काका येतील ना?”

नाव पेपरात आलं नाही. गावात मात्र पिंपळाच्या पानापानाला माहीत होतं.

काका काही आले नाहीत. आधी म्हणाले कांदा मार्केटला न्यायचा आहे. मग म्हणाले पेरणी. मग जगूची भरतीची तारीख निघाली आणि नाना स्पष्टच बोलले, “आते त्याले घरमा आना तं पोलीस घर ईचारत येतीन. पोरगानी भरती व्हई जाऊ दे आधी.” मॅडम घर बघायला आल्या तेव्हा त्यांना चहा दिला, चांगला वेलची घालून, आणि सांगितलं, “मॅडम, पोरगं हाताबाहेर गेलंय. ठेवा तिकडंच. सुधरू द्या.”

हेमलता म्हणाली, “मी करते सही.”

मॅडम म्हणाल्या, “करू शकतेस. पण त्याला ठेवशील कुठे? हे घर तुझं नाही ना.”

म्हणून सगळं अडलं होतं नानांच्या एका हो वर. पोरगं सुटेल की नाही, ते कोर्टात ठरत नव्हतं, भडगाव तालुक्यातल्या एका ओट्यावर ठरत होतं. हेमलतानं ठरवलं की भांडायचं नाही. पायाशी राहायचं, काम करायचं, माणूस कधीतरी नरमतोच.

मग कानबाई आली.

शनिवारी गहू मोजायचा. नाना पाटावर बसले, पुढे गव्हाची परात, डाळीची परात. हेमलता सूप धरून उभी. घरातला मोठा पुरुष मूठ टाकतो, त्यांच्यात असंच आहे. नानांनी स्वतःचं नाव घेतलं, टाकली. जगूचं घेतलं. सुरतच्या मधुकरकाकाचं, त्याच्या दोन पोरांचं, तिसरं अजून रांगत नाही त्याचंसुद्धा. आणि हात झटकले.

“नाना, भूषणनी राहिनी.”

नानांनी परात बाजूला सरकवली.

“नाना.”

“तो बाहेर शे. त्याना वाटाना रोट कोन खाई? तठे परकाना हात लागी, दोष आपले लागी.”

“सुरतवाला पन बाहेरच शेतस.”

“ते येतीन उद्या. हाई काही सुरत शे का?” नाना उठले. काकू सूप घ्यायला पुढे आल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, “नसत्या जागी तोंड घालू नको व माय.”

मेलेल्या माणसाची मूठ टाकत नाहीत. बाकी सगळ्यांची टाकतात. हेमलताला हे माहीत होतं. भांडली असती तर बरं झालं असतं कदाचित. ती भांडली नाही.

रोटाचं दळण चक्कीवर तिलाच न्यायचं होतं. त्या दिवशी चक्कीवाले चक्की धुऊन पुसून ठेवतात आणि रोटाशिवाय दुसरं काही दळत नाहीत. बाया लाईनीत बसलेल्या, गाणी चाललेली. हेमलतानं पदराच्या गाठीत घरून गहू आणि डाळ बांधून आणली होती. आपली पाळी आली तेव्हा तिनं गाठ सोडली, सव्वा मूठ मोजली आणि टोपल्यात टाकली. “भूषण पुना,” म्हणाली, ओठातल्या ओठात. ती बाईमाणूस, त्यातून दुसऱ्या कुळात दिलेली. तिच्या हाताला तो अधिकार नव्हता. तिला माहीत होतं.

पीठ मळलं गेलं, रोट झाले. रविवारी सगळं घर जेवलं. हेमलताला सालाबादप्रमाणे वेगळ्या पिठाची पोळी. तिनं रोटातला एक उचलला आणि फडक्यात बांधून पेटीत ठेवला. सोमवारी कानबाई गिरणेवर पोचवली, बाया नाचल्या, हीसुद्धा नाचली. भेटीच्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाली. भाईदासला नानांचं नाव सांगितलं ते असं होतं.

तिला वाटलं होतं, झालं, आपण त्याला घरात मोजला. आता देवीचं देवी बघेल.

चक्कीवाल्याची आई धुरपदाबाई चक्कीवर बसून हे बघत होती. बाई मनानं चांगली, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. राखीच्या आधी एक दिवस ती काकूंना नदीवर भेटली आणि म्हणाली, “तुमनी हेमलता हुशार हं. नाना एक मूठ इसरी गया व्हतीन, तिनी आठवणथीन टाकी.”

त्याच सकाळी पळताना जगूचा पाय मुरगळला होता. घोटा सुजून हा एवढा.

काकू घरी आल्या त्या ओरडतच. “परक्या घरनी बाई, तुना हात लागना रोटले! म्हनीसनी मना पोरना पाय गया. करी टाका तुनी वाटोळं.”

हेमलता म्हणाली, “काकू, पाय खड्डामा गया त्याना. मना हातमा नही.”

“जीभ देखा हिनी!”

नाना आले. त्यांनी आवाज चढवला नाही. आतून तिची पेटी उचलून आणली आणि ओट्यावर ठेवली. “मना घरमा देवीना खेळ करतीस?”

“नाना, तो तुमना भाऊना पोरगा शे. जिता शे.”

“उचल पेटी. तुना घर जा.”

“मना घर कोनतं, नाना?”

नाना आत गेले आणि दार लावलं. भर दुपारी, अख्खी गल्ली बघत असताना हेमलता पेटी डोक्यावर घेऊन स्टँडवर गेली. कोणी आडवं आलं नाही. धुरपदाबाई तेवढी मागून पळत आली, रडत, “मले काय माहीत व माय, मी तं कवतिकथीन बोलनू.” हेमलता तिला म्हणाली, “जा, चक्की चालू असेल तुमची.”

जळगावला एमआयडीसीत चटयांच्या कंपन्या आहेत, प्लास्टिकच्या चटया. तिथं तिला काम लागलं, चटईच्या कडा शिवायचं. कानात दिवसभर मशीनचा आवाज, रात्री झोपली तरी तोच. पण मागच्या वस्तीत एक पत्र्याची खोली मिळाली, आणि खोली बघितल्याबरोबर तिच्या लक्षात आलं की आपल्याला नानांची गरजच उरली नाही. चार महिने ज्या हो साठी ती झिजली, तो हो आता कोणाकडून मागायचाच नव्हता. तिनं दुसऱ्याच दिवशी मॅडमला फोन केला. मॅडम खोली बघून गेल्या. दार नीट लागतं का, संडास कुठे, शेजारी कोण, सगळं विचारलं. पोरगं काय करेल, विचारलं. हेमलता म्हणाली, “आयटीआय करेल. मोटारचा कोर्स तुम्हीच चालू केलाय ना. इथून सायकलनं जाईल.” मॅडम हसल्या. म्हणाल्या, “बाल न्याय मंडळाच्या पुढच्या तारखेला घेऊन जा त्याला. मी चांगलं लिहून देते.”

हेमलतानं दुसरं ताट घेतलं. गादी घेतली, जुन्या बाजारातून, पण धुऊन उन्हात टाकली. भिंतीला खिळा मारला, त्याच्या शर्टसाठी. भाईदासलासुद्धा सांगून झालं. तो म्हणाला, “चला, एक गिऱ्हाईक कमी झालं. पेढे आण, पण मोडून बघीन हां.”

भेटीच्या दिवशी ती पेरू घेऊन गेली, आणि राखी उशिरा का होईना बांधली.

“आते तुले नानासनी वाट देखानी नही,” ती म्हणाली. “मीच येसू. मी खोली लिन्ही जळगावले.”

“खोली कसाले?”

“कसाले म्हणजे? ऱ्हावाले.”

“नानाना घर काय व्हयनं?”

तिला सांगायचं नव्हतं. पण आता लपवून काय करायचं, तिला वाटलं, उलट चांगलंच झालंय ना सगळं. “काढी माले. काढी तं काढी. बरं व्हयनं.”

“नानानी काढी?”

“हां.”

“घरमाईन? पेटीसकट?”

“हां रे बाबा. कितला ईचारस!”

“कधी?”

“राखीना आदला दिन.”

भूषणच्या हातात पेरू तसाच. तिनं ताटाचं सांगितलं, गादीचं सांगितलं, खिळ्याचं सांगितलं. तो हं हं करत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. तिला वाटलं, पोरगं सुटणार म्हणून घाबरलं असेल. होतं काही पोरांना तसं. ती निघताना तो तिच्या पाया पडला. कधी पडत नव्हता.

दोन दिवसांनी होमची पोरं आयटीआयला नेली होती, तिथून तो निघाला. पळाला म्हणतात, पण लघवीला जातो सांगून सरळ चालत गेला. एका केळीच्या ट्रकवाल्यानं त्याला भडगाव फाट्यावर सोडलं. दुपारी गावात. तिथं तोंड लपवून वगैरे आला नाही, मारुतीच्या पारासमोरून चालत आला. लोकांनी हाका मारल्या, त्यानं वर बघितलं नाही.

नाना खळ्यात होते. बघणारे सांगतात, भूषण त्यांच्यासमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, “नाना, तुम्ही बोलेल व्हतात.”

नाना म्हणाले, “निंघ आठेन.”

“तुम्ही बोलेल व्हतात, नाना.”

एवढंच. दोनदा. मग जगू लंगडत आला, त्याची कॉलर धरली, कानाखाली दिली आणि हेमलताबद्दल काहीतरी बोलला. काय बोलला ते कोणी सांगत नाही. ट्रॅक्टरजवळ लोखंडी पाइप पडलेला होता. भूषणनं तो उचलला. जगूचा गुडघा फुटला, हात मोडला. माणसं धावून येईपर्यंत भूषणनं पाइप खाली ठेवला होता. तो पळाला नाही. ओट्यावर जाऊन बसला आणि पोलीस येईपर्यंत तिथंच बसून राहिला.

पुढच्या तारखेला हेमलता नवीन साडी नेसून मंडळात गेली होती, कारण ती आधीच नेसायची ठरवली होती. मॅडम तिच्याकडे बघू शकल्या नाहीत. आता केस दुसरीच झाली होती. होममधून पळाला, माणूस मोडला. सोळाच्या वरचा आहे. त्याला लांबच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या होममध्ये पाठवायचं ठरलं.

गावात सगळे म्हणाले, बघा, सुधारतात का असली पोरं. हेमलतालासुद्धा दुसरं काही म्हणता येईना. सगळ्यात वाईट हेच होतं. नेण्याआधी तिला पाच मिनिटं भेटू दिलं, आणि त्या पाच मिनिटांत ती त्याला नाही नाही ते बोलली. “माले तुनी लाज वाटस. आठ दिन थांबता नही उनं तुले? मी गादी लई ठेवेल व्हती रे, गादी! पहिल्यांदा म्हनं लहान शे, चुकना. आते काय म्हनू? तू मना भाऊ नही.”

“चुकनं ताई,” भूषण म्हणाला. आणखी काही नाही. गाडीत बसताना त्यानं मागे वळून बघितलं, तेव्हा तिनं तोंड फिरवलेलं होतं. भाईदास गेटवर उभा होता. त्यानं नंतर तिला पाणी आणून दिलं. ती प्यायली नाही.

तिनं पुढचे दोन महिने त्याची भेट घेतली नाही. लांब आहे, सुट्टी मिळत नाही, असं शेजारणीला सांगायची. गादी गुंडाळून भिंतीला उभी करून ठेवली होती. ताट मात्र रोज घासायची, न वापरलेलं.

एक गोष्ट मात्र कळली ती दिवाळी होऊन गेल्यावर. प्रमिलाबाई एकट्याच जळगावला आल्या आणि जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटवर उभ्या राहिल्या. जगूच्या पायात सळई घातलेली, भरती गेली, आणि त्यानं रडत रडत आईला सगळं सांगितलं होतं. मास्तरीणबाईची पोत ओढली तेव्हा गाडी जगू चालवत होता आणि मागे त्याचा भडगावचा दोस्त होता. भूषण त्या दुपारी घरीच होता, म्हशींना पाणी दाखवत होता. नानांनी त्याला गोठ्यातच गाठलं आणि सांगितलं, तुले काही व्हत नही, तू लहान शे, जगूनी भरती वाचाड. भूषण म्हणाला होता, “मी मनं नाव लिसू. पन मनी ताईले ह्या घरमाईन कोनी काढानं नही.”

नाना हो म्हणाले होते.